विद्यापीठातले इंग्रजी कुणाच्या मालकीचे?

दरवर्षी जून-जुलै महिन्यात मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून आपली मुले-मुली मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांच्या दारात येऊन उभी राहतात. यांतील कित्येकांच्या घरात एम.ए. किंवा पीएच.डी. करणारे ते पहिलेच असतात. जिल्हा परिषदेची शाळा, तालुक्याचे कॉलेज, मराठी माध्यम असा त्यांचा प्रवास झालेला असतो. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म, वसतिगृहाची यादी असे एकेक डोंगर पार करून ती वर्गात येऊन बसतात. आणि पहिल्याच महिन्यात सर सांगतात, ‘पुढच्या आठवड्यात सिनॉप्सिस आणा. लिटरेचर रिव्ह्यू नीट करा. आर्ग्युमेंट स्पष्ट ठेवा. आणि सायटेशन विसरू नका.’

चार वाक्यांत चार परके शब्द. त्यांचा अर्थ सर सांगत नाहीत, आणि मुलेही विचारत नाहीत. विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल, शेजारी बसलेली इंग्रजी माध्यमाची मुले हसतील, ‘कोट्यातून आलेला’ म्हणून बोट दाखवले जाईल, ही भीती मनात असते. सबब सगळे माना डोलावतात. आठवड्याने जे कागद सरांच्या टेबलावर पडतात, ते पाहून सर म्हणतात, ‘याचे इंग्रजी कच्चे आहे.’ एकदा हा शिक्का बसला की तो पदवी मिळेपर्यंत, कधी कधी पदवी सोडून जाईपर्यंत पुसला जात नाही.

वास्तविक पाहता या मुलांचे इंग्रजी कच्चे नसते. त्यांना एका विशिष्ट धंद्याची हत्यारे कुणी ओळखून दाखवलेली नसतात, एवढेच. सुताराच्या घरातल्या पोराला रंधा, पटाशी, गिरमिट ही नावे शिकवावी लागत नाहीत. ती त्याच्या कानावर जन्मापासून पडतात. दुसऱ्या घरातले पोर त्या कामावर गेले, तर त्याला आधी हत्यारांची नावे सांगावी लागतात. नावे न सांगताच ‘पटाशी दे’ म्हणून ओरडणारा मिस्त्री त्या पोराला मूर्ख ठरवत असेल, तर मूर्ख कोण? विद्यापीठाच्या इंग्रजीचेही नेमके असेच आहे. प्राध्यापकाच्या, वकिलाच्या, अधिकाऱ्याच्या घरात थिसिस, सेमिनार, फेलोशिप हे शब्द जेवणाच्या ताटावर ऐकू येतात. आपल्या घरात ते ऐकू येत नाहीत. हा फरक बुद्धीचा नसून कानांवर काय पडले याचा आहे. परंतु या फरकालाच आपल्याकडे ‘मेरिट’ असे भारदस्त नाव देण्यात आले आहे.

आम्ही हे काही नवे सांगत नाही. फ्रान्समधील समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू आणि त्यांचे सहकारी जाँ-क्लोद पासराँ यांनी १९६५ सालीच हे मांडले होते, की विद्यापीठाची भाषा ही कुणाचीच मातृभाषा नसते, सुशिक्षित वर्गातल्या मुलांचीसुद्धा नसते. फरक असलाच तर कुणी त्या भाषेच्या जवळ जन्मतो, कुणी लांब. लांब जन्मलेल्याला जास्त चालावे लागते. पण रस्ता कुठे आहे हे तरी त्याला सांगायला नको काय?

आता या शब्दांची गंमत पाहा. यांतले अर्धेअधिक शब्द आपल्या लोकांनी आधीच ऐकलेले असतात, पण वेगळ्या अर्थाने. म्हणूनच ते जास्त फसवतात. ‘पेपर’ म्हटले की आपल्याला वर्तमानपत्र आठवते किंवा परीक्षेची प्रश्नपत्रिका. विद्यापीठात ‘पेपर वाचणे’ म्हणजे आपण लिहिलेला शोधनिबंध जाणकारांसमोर मांडणे. ‘गाइड’ म्हटले की बाजारात मिळणारे तयार उत्तरांचे पुस्तक. विद्यापीठात गाइड म्हणजे संशोधनाचे मार्गदर्शक, आणि ते तयार उत्तरे देत नाहीत. ‘सुपरव्हायजर’ म्हणजे आपल्या लेखी कामावर देखरेख करणारा मुकादम. इंग्लंडच्या विद्यापीठात मात्र गाइडलाच सुपरव्हायजर म्हणतात. ‘क्रेडिट’ म्हटले की पतसंस्था आणि कर्जाचा हप्ता डोळ्यांसमोर येतो. कॉलेजात क्रेडिट म्हणजे एखाद्या विषयाला दिलेले वजन, जे जमा करीत पदवी पूर्ण होते. नव्या शैक्षणिक धोरणाने ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे शब्द आणले. आपल्या गावात मेजर म्हणजे मिलिटरीतून निवृत्त होऊन आलेले काका! कॉलेजात मेजर म्हणजे मुख्य विषय आणि मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम विषय.

‘लिटरेचर रिव्ह्यू’ हा तर सर्वांत मोठा चकवा. लिटरेचर म्हणजे साहित्य, म्हणून आपली मुले आपल्या विषयावरच्या कथा-कविता शोधत बसतात. येथे लिटरेचर म्हणजे त्या विषयावर आजवर झालेले सगळे संशोधन. रिव्ह्यू म्हणजे त्या संशोधनाची झडती. कोण काय म्हणाले, कुठपर्यंत पोहोचले, आणि काय सांगायचे राहून गेले, याचा हिशोब मांडणे म्हणजे लिटरेचर रिव्ह्यू. ‘आर्ग्युमेंट’ म्हणजे रस्त्यावरची हुज्जत नव्हे. पुराव्याच्या आधारे पायरी-पायरीने केलेला युक्तिवाद म्हणजे आर्ग्युमेंट. ‘ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणजे एका अर्थी अमूर्त, पण शोधनिबंधाच्या डोक्यावर असते ते ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे गोषवारा. तलाठ्याच्या दप्तरातला गोषवारा ज्याला कळतो, त्याला ॲबस्ट्रॅक्ट कळायला काय हरकत आहे? ‘सिनॉप्सिस’ म्हणजे संशोधनाचा आराखडा. घर बांधण्यापूर्वी नकाशा मंजूर करून घेतात, तसा. ‘व्हायवा’ हा लॅटिन भाषेतला शब्द, त्याचा अर्थ जिवंत आवाजाने. म्हणजे तोंडी परीक्षा.

‘क्रिटिकल’ या शब्दाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. दवाखान्यात ‘पेशंट क्रिटिकल आहे’ म्हटले की घरातले रडू लागतात. परीक्षेच्या पेपरात ‘क्रिटिकली एक्झामिन’ असे आले की आपली मुले लेखकाला शिव्या घालू लागतात, किंवा उलट, मोठ्या माणसावर टीका कशी करायची म्हणून नुसता सारांश लिहून मोकळी होतात. दोन्हीत गुण जातात. क्रिटिकल म्हणजे चिकित्सक. मराठीत ‘चिकित्सा’ म्हणजे रोग्याची तपासणी आणि उपचार, आणि चिकित्सा म्हणजेच विचाराची तपासणी. हा शब्द आपल्याला परका नाही. बुद्ध, फुले, आंबेडकर ही परंपराच चिकित्सेची परंपरा आहे. ऐकीव म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, तपासून घ्या, ही शिकवण ज्या समाजाने स्वीकारली, त्याच्या मुलांना ‘क्रिटिकल’ या शब्दाची धास्ती वाटावी, हे बरोबर नाही.

थिसिस आणि डिझर्टेशन या जोडगोळीनेही पुष्कळांची फसगत केली आहे. आपल्याकडे आणि इंग्लंडात पीएच.डी.चा मोठा प्रबंध म्हणजे थिसिस आणि एम.ए.चा लघुप्रबंध म्हणजे डिझर्टेशन. अमेरिकेत बरोबर उलटे. तेथे पीएच.डी.साठी डिझर्टेशन आणि मास्टर्ससाठी थिसिस लिहितात. म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या दोन देशांचेच एकमत नाही. तेव्हा हे शब्द म्हणजे वेदवाक्य नव्हे, तो फक्त एकेका बाजारपेठेतला रिवाज आहे, हे ध्यानात घेतले तरी निम्मी भीती जाते.

हे शब्द प्रत्यक्षात कसे वापरायचे, हे कुणाकडून शिकावे? आमच्या मते यासाठी बाबासाहेबांपेक्षा मोठा शिक्षक नाही. बाबासाहेबांचे इंग्रजी आभाळातून पडलेले नव्हते. सुभेदार रामजींनी मुलाकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला करून घेतल्या होत्या. शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही अस्पृश्य म्हणून ते नाकारण्यात आले आणि फारसी घ्यावी लागली, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. भाषेच्या दारावर पहारेकरी बसवणे ही या देशातली जुनी रीत आहे. त्या दाराआडून आलेला विद्यार्थी १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला आणि ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्याने ‘कास्ट्स इन इंडिया’ हा पेपर वाचला.

हा पेपर आपण जातिव्यवस्थेवरचा विचार म्हणून वाचतो. ते योग्यच आहे. पण तो एकदा संशोधन कसे लिहावे याचा धडा म्हणूनही वाचून पाहा. सुरुवातीला बाबासाहेब काय करतात? सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चार अभ्यासकांनी केलेल्या जातीच्या व्याख्या घेतात आणि प्रत्येकाने काय पकडले, काय सोडले, हे दाखवतात. हाच लिटरेचर रिव्ह्यू. यातले केतकर म्हणजे मराठी ज्ञानकोशाचे कर्ते. त्यांच्याविषयी आदर दाखवून, त्यांचे योग्य ते श्रेय देऊन, मग बाबासाहेब आपला मतभेद नोंदवतात. याला म्हणतात क्रिटिकल. मग जातीबाहेर लग्न न करण्याची प्रथा, म्हणजे एंडोगॅमी, हा एक शब्द ते निवडतात, त्याचा अर्थ निश्चित करतात आणि संपूर्ण युक्तिवाद त्यावर उभा करतात. याला म्हणतात कन्सेप्ट डिफाइन करणे. आणि शेवटी सांगतात की, आपण या मताला चिकटून बसणार नाही, ते टिकणारे नाही असे कुणी दाखवून दिले तर ते सोडून देण्याची तयारी आहे. ज्याला आज प्राध्यापक ‘ॲकॅडेमिक टोन’ म्हणतात, तो हाच.

या शेवटच्या गोष्टीत एक मोठी मेख आहे. आपली मुले इंग्रजीत लिहिताना प्रत्येक ठिकाणी ‘प्रूव्ह’ हे क्रियापद वापरतात. अमक्याने हे प्रूव्ह केले, माझ्या अभ्यासातून हे प्रूव्ह होते. पन्नास घरांचा सर्व्हे केला आणि सगळ्या महाराष्ट्राबद्दल प्रूव्ह केले! परीक्षक तेथेच लाल रेघ ओढतो. कारण विद्यापीठाच्या भाषेत म्हणण्याच्या पायऱ्या असतात. ‘सजेस्ट’ म्हणजे तसे दिसते, सूचित होते. ‘क्लेम’ म्हणजे दावा आहे, अजून तपासायचा आहे. ‘आर्ग्यू’ म्हणजे कारणे देऊन मांडले आहे. ‘डेमॉन्स्ट्रेट’ म्हणजे पुराव्याने दाखवून दिले आहे. आणि ‘प्रूव्ह’ म्हणजे निर्विवाद सिद्ध झाले आहे. यातला फरक कळणे अवघड आहे काय? मुळीच नाही. वर्तमानपत्र वाचणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसाला ‘संशयित’, ‘आरोपी’ आणि ‘गुन्हेगार’ यांतला फरक कळतो. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत आरोपीला गुन्हेगार लिहिता येत नाही. पुराव्याच्या वजनाइतकेच बोलायचे, हा कोर्टाचा नियम आहे आणि तोच विद्यापीठाचाही आहे.

काही जण म्हणतील, हे इंग्रजी शब्द हजारो आहेत, किती पाठ करायचे? याचेही उत्तर उपलब्ध आहे. न्यूझीलंडमधील भाषाभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली एक यादी प्रसिद्ध केली. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांमधील २८ विषयांचे सुमारे ३५ लाख शब्दांचे लेखन त्यांनी तपासले. रोजच्या वापरातले सर्वांत सामान्य दोन हजार शब्द बाजूला काढले. हे दोन हजार शब्द मायकेल वेस्ट यांच्या १९५३ च्या यादीतले. हे वेस्ट साहेब ब्रिटिश काळात ढाक्यात शिक्षणखात्यात होते आणि बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला कसे शिकवावे, यावर त्यांनी काम केले होते. ते शब्द वगळल्यावर, सर्व शाखांत वारंवार येणारे शब्द कॉक्सहेड यांनी मोजले. किती निघाले? फक्त ५७० शब्दकुळे. एका कुळात ॲनालाइज, ॲनालिसिस, ॲनालिटिकल असे सगे-सोयरे आले. तपासलेल्या लेखनातला सुमारे दहावा हिस्सा या ५७० कुळांनी व्यापलेला होता.

५७० ही काही मोठी संख्या नाही. रोज पाच कुळे घेतली तर ११४ दिवस होतात. म्हणजे एक सेमिस्टर. आणि पुढची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. या यादीत सर्वांत जास्त वेळा येणारे जे पहिले साठ शब्द आहेत, त्यांत कोणते शब्द आहेत पाहा. इन्कम, लेबर, कॉन्ट्रॅक्ट, लीगल, सेक्शन, पॉलिसी, सेक्टर, पर्सेंट. यांतला कोणता शब्द आपल्या वस्तीला माहीत नाही? आणि त्याच साठांत ‘कॉन्स्टिट्यूट’ हे कुळ आहे, ज्याच्या पोटी ‘कॉन्स्टिट्यूशन’ हा शब्द येतो. संविधान! ज्या समाजाच्या लहान मुलालाही हा शब्द पाठ आहे, त्या समाजाला विद्यापीठाचे इंग्रजी परके आहे, असे कोण म्हणतो?

आमचा मुद्दा येथेच आहे. आपल्या वस्तीतल्या अंगठेबहाद्दर आजीलासुद्धा रोस्टर, बॅकलॉग, क्रिमी लेयर, व्हॅलिडिटी, ॲट्रॉसिटी, बेल, स्टे, जीआर हे शब्द माहीत असतात. कुणी शिकवले? कुठल्या क्लासने शिकवले? कुणीच नाही. या शब्दांवर घरातली नोकरी, पोराची ॲडमिशन, गावातली अब्रू अवलंबून होती, म्हणून समाजाने ते शिकून घेतले. सभेत ऐकले, मोर्चात ऐकले, एकाने दुसऱ्याला सांगितले. जे शब्द चळवळीचे झाले, ते समाजाचे झाले. विद्यापीठाचे शब्द मात्र आपण चळवळीचे केले नाहीत. ते प्रत्येक मुलाने एकेकट्याने, चोरून, लाजत शिकायचे अशी सोडून दिलेली गोष्ट झाली. आपल्यातून जे प्राध्यापक झाले, संशोधक झाले, त्यांपैकीही अनेक जण वर चढल्यावर शिडी खाली सोडायला विसरले, हे कटू असले तरी बोलले पाहिजे.

शब्द न कळल्याची किंमत केवळ गुणांची नसते. ‘प्लेजियरिझम’ हाच शब्द घ्या. वाङ्मयचौर्य. याचे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि तेथे त्याचा अर्थ माणसे पळवणारा, दुसऱ्याची मुले किंवा गुलाम चोरणारा असा होता. आपल्या कविता स्वतःच्या म्हणून खपवणाऱ्याला मार्शल या रोमन कवीने हा शब्द लावला. आज विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.च्या प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळले तर दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सादरच करता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. एका शब्दाचा अर्थ वेळेवर न कळल्यामुळे पाच वर्षांची मेहनत आणि फेलोशिप पाण्यात जाऊ शकते! आपली मुले चोर नसतात. शाळेपासून त्यांना सांगितलेले असते की पुस्तकातले जसेच्या तसे लिहा म्हणजे पूर्ण गुण मिळतील. बारा-पंधरा वर्षे ज्या गोष्टीला शाबासकी मिळाली, तीच गोष्ट विद्यापीठात गुन्हा ठरते आणि हा नियम कधी बदलला, हे त्यांना कुणी सांगत नाही. त्यासाठीच ‘सायटेशन’ म्हणजे कुणाचा विचार कुठून घेतला याचा दाखला, ‘कोटेशन’ म्हणजे अवतरणचिन्हात दिलेले दुसऱ्याचे शब्द आणि ‘पॅराफ्रेज’ म्हणजे दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत, पण श्रेय देऊनच, ही तीन हत्यारे पहिल्याच दिवशी हातात पडली पाहिजेत. ज्यांच्या श्रमावर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी आपले नाव कोरले, त्या समाजाला ज्याचे श्रेय त्याला देण्याचे मोल आणखी कुणी समजावून सांगायला नको.

दुसरा असाच शब्द ‘रिव्हाइज’. शाळेत रिव्हिजन म्हणजे परीक्षेआधीची उजळणी. विद्यापीठात गाइडने किंवा जर्नलने ‘रिव्हाइज करा’ म्हटले, की याचा अर्थ लिहिलेले पुन्हा घडवा. आपली मुले मात्र तो नकार समजतात, खचतात आणि कित्येकदा परत गाइडच्या दारात जातच नाहीत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. बाबासाहेबांनी १९२२ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डी.एस्सी.साठी ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो बदलून लिहावयास सांगितले होते. पैसे संपल्यामुळे १९२३ मध्ये त्यांना मुंबईस परतावे लागले. येथे राहून त्यांनी तो सुधारला, परत पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. पदवी मिळवली. ग्रंथ छापला गेला, त्याला त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. तीत कॅनन यांनी बाबासाहेबांच्या अनेक मतांशी आपण सहमत नसल्याचेही नमूद केले. म्हणजे विद्यापीठात मतभेद हा अपमान नसतो आणि ‘रिव्हाइज’ म्हणजे नापास नसते. विश्वरत्नाला जे करावे लागले, ते करताना आपण का लाजावे?

परदेशी जाणाऱ्या मुलांची आणखी वेगळी अडचण असते. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे अनुसूचित जातीची मुले आज जगातल्या नामांकित विद्यापीठांत जात आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तेथे प्रवेशासाठी ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ लिहावे लागते. त्यात आपण गरिबीची कहाणी लिहितो. त्यांना हवे असते ते तुम्ही कोणता प्रश्न घेऊन येत आहात, त्याची तयारी काय केली आहे आणि त्यांच्याच विद्यापीठात का येत आहात, याचे उत्तर. आपण ‘सर, एक डाउट आहे’ म्हणतो तेव्हा आपल्याला प्रश्न विचारायचा असतो. इंग्लंडच्या प्राध्यापकाला वाटते, याचा माझ्यावर विश्वास नाही. आपण ‘२०२० ला पास आउट झालो’ लिहितो. तेथे पास आउट होणे म्हणजे चक्कर येऊन पडणे! तेथील ‘ऑफिस अवर्स’ म्हणजे कचेरीची वेळ नव्हे. ती विद्यार्थ्याने येऊन मोकळेपणी प्रश्न विचारावेत म्हणून प्राध्यापकाने राखून ठेवलेली वेळ असते. हे ठाऊक नसल्यामुळे आपली मुले वर्षभर त्या दाराबाहेरून जातात आणि आत जाण्याचा आपला हक्क आहे हे त्यांना कळतच नाही.

यावर मराठीचे कैवारी म्हणतील, इंग्रजीचे एवढे स्तोम कशाला? ज्ञान मराठीत आणा. आम्ही मराठीच्या विरोधात नाही. परंतु मराठीत आणलेले ज्ञान कोणत्या मराठीत आणले आहे, हेही पाहिले पाहिजे. ‘हायपोथेसिस’ या शब्दाला मराठीत ‘अभ्युपगम’, ‘परिकल्पना’, ‘गृहीतक’ असे तीन-तीन पर्याय आहेत. यांतला ‘अभ्युपगम’ आपल्या मुलाला हायपोथेसिसपेक्षा जवळचा वाटेल काय? इंग्रजीच्या कुलपाऐवजी संस्कृतचे कुलूप लावले म्हणून दार उघडत नाही. १८५४ साली ‘काव्यफुले’ या आपल्या संग्रहात सावित्रीमाईंनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो काही मराठीचा द्वेष म्हणून नव्हे. ज्या भाषेच्या दारावर धर्मशास्त्राचा पहारेकरी नव्हता, त्या भाषेकडे त्यांनी बोट दाखवले. आजही आपल्याला दोन्ही हवे. इंग्रजी शब्द त्याच्या खऱ्या अर्थासह हवा आणि तो अर्थ आपल्या बोलीतल्या मराठीत समजावणारा माणूसही हवा.

आता तर मोबाइलमधले यंत्र काही क्षणांत गुळगुळीत इंग्रजी लिहून देते. पुष्कळ मुलांना वाटते, सुटलो! पण व्हायवाच्या खोलीत मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. परीक्षक विचारतो, ‘तुम्ही येथे सजेस्ट का लिहिले, डेमॉन्स्ट्रेट का नाही?’ त्या वेळी यंत्र मदतीला येत नाही. उसन्या हत्याराने काम करता येते, पण हत्यार का उचलले हे ज्याला सांगता येत नाही, त्याला कारागीर म्हणत नाहीत.

तेव्हा करायचे काय? आम्हाला तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, ज्या ज्या बुद्धविहारात, समाजमंदिरात अभ्यासिका चालते, तेथे आठवड्यातून एक तास या शब्दांसाठी द्यावा. विद्यापीठात शिकणाऱ्या दादा-ताईने खालच्या वर्गातल्या मुलांना दहा शब्द सांगावेत, मराठीत अर्थ सांगावा, आपल्याच विषयातले एक वाक्य लिहून दाखवावे. दुसरी, महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड, ज्यात ‘कास्ट्स इन इंडिया’ आहे, आणि सहावा खंड, ज्यात त्यांचे अर्थशास्त्रीय लेखन आहे, हे खंड कपाटातून काढून, पेन्सिल हातात घेऊन वाचावेत. ते तळटीप कुठे देतात, मतभेद कसा नोंदवतात, आकडा कुठून घेतात, यावर खुणा कराव्यात. सोबत ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात, तेथे आपल्या विषयाचे दोन प्रबंध पाहावेत. तिसरी, आपल्या संशोधकांनी मिळून एक छोटी पुस्तिका तयार करावी. त्यात शब्द, त्याचा सोपा मराठी अर्थ, तो कुठे फसवतो आणि एक उदाहरण एवढेच असावे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर ती वीस-पंचवीस रुपयांत मिळावी. तेथे येणारा आपला माणूस पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेतो. जयंतीच्या एका डीजेच्या भाड्यात अशा किती पुस्तिका निघतील, याचा हिशोब मंडळांनी स्वतःच करावा.

शिवाय आपल्या प्राध्यापक बांधव-भगिनींना एक विनंती आहे. वर्गात ‘सिनॉप्सिस आणा’ म्हणण्यापूर्वी सिनॉप्सिस म्हणजे काय, हे एकदा फळ्यावर लिहा. चांगला कसा असतो, त्याचा एक नमुना दाखवा. त्याला पाच मिनिटे लागतात. ज्याला आधीच माहीत आहे, त्याचे काही नुकसान होत नाही. ज्याला माहीत नाही, त्याचे आयुष्य वाचते.

आणि विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळी वर्गात एखादा शब्द कळला नाही, तर मान डोलावू नका. उभे राहा आणि विचारा, ‘सर, याचा अर्थ काय?’ विहिरीच्या पाण्यासाठी, मंदिराच्या दारासाठी, तळ्याच्या काठासाठी आपल्या पूर्वजांनी लाठ्या खाल्ल्या. एका शब्दाचा अर्थ विचारण्यासाठी आपल्याला फक्त हात वर करायचा आहे.